नाव मागाहून

पौष लागला आणि टेंभी नाक्यावरच्या भिंती पांढऱ्या झाल्या. गणपतीत नाही, दिवाळीत नाही, ज्यांना कुणी चुन्याचा हात लावला नव्हता त्या भिंती चार दिवसांत उजळल्या आणि त्यांच्यावर गेरूची हातभर अक्षरं उमटली. टांग्याला कर्णा बांधून पोरं घसा फोडत फिरू लागली. सकाळी गारठा, दुपारी खाडीकडून येणारा खारा वारा, आणि त्यात घराघरांतून तिळगुळाच्या पाकाचा वास. पाच वर्षांपूर्वीही हेच दिवस होते. म्हणूनच हा वास आला की माझं डोकं फिरतं.

परवा शाळेतून येताना पक्षाच्या कचेरीबाहेर गर्दी दिसली म्हणून थांबले. फळ्यावर उमेदवारांची यादी लागली होती. वॉर्डाचा आकडा, त्यापुढे नाव, वडिलांचं नाव, आडनाव, कुणाच्या पुढे वकील, कुणाच्या पुढे डॉक्टर, एकाच्या पुढे तर नुसतंच ‘प्रतिष्ठित नागरिक’. सगळी नावं ठळक, झोकदार. आणि अगदी खाली, फळ्याची जागा संपत आलेली, तिथे दोन ओळी. राखीव, स्त्रिया: नाव मागाहून. राखीव, हरिजन: नाव मागाहून.

मी तिथे उभी राहून त्या दोन ओळी तीनदा वाचल्या. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “काय बाई, कुणाचं नाव शोधताय?” मी पदर सावरून चालू लागले. बोलले असते तर शाळेतल्या बाईच्या तोंडी न शोभणारं काहीतरी बोलले असते.

मागाहून हा शब्द बाईला नवा नाही. पंगतीत ती मागाहून बसते, तोवर भाजी संपलेली असते आणि भात गार झालेला असतो. तिची शाळा मागाहून, भावांची फी भरून उरलं तर. तिचं आजारपण मागाहून, सणवार आटपले की. हे सगळं मी बघितलं आहे, थोडंफार सोसलंही आहे. पण घरात निदान तो शब्द कुणी खडूने लिहून चारचौघांत टांगत नाही.

ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. स्वातंत्र्य येऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. मी लग्न होऊन नुकतीच चरईत राहायला आले होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझे वडील चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. आमच्या घरी देवाच्या बरोबरीने पक्षाचं नाव घेतलं जाई. पक्ष म्हणजे शिस्त, पक्ष म्हणजे दिलेला शब्द, हे मी दुधाबरोबर प्यायले होते. त्या शिस्तीपोटीच मी दुपारी शाळा सुटली की मिठागराकडच्या वस्तीत, मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर, बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेत असे. वीस-बावीस बायका यायच्या. पाटीवर अक्षर काढताना त्यांच्या बोटांना मिठाने पडलेल्या भेगा दिसायच्या आणि पाटीवर कधी कधी रक्ताचा ठिपका उमटायचा. त्या तो पदराने पुसून पुढचं अक्षर काढायच्या.

त्यांतली हौसाबाई चाळिशीची. लहानपणापासून डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिलेली, त्यामुळे मान ताठ आणि चाल सरळ. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं, “मास्तरीणबाय, मना फकस्त सही शिकव. बाकीचा सगला मना तोंडपाठ हाय.” आणि खरंच होतं. वस्तीत कुणाच्या घरी कधी काय झालं, कुठल्या कौन्सिलरने कुठल्या साली काय कबूल केलं, तिला सगळं पाठ. तीन वेळा अर्ज घेऊन ती म्युनिसिपालिटीच्या कचेरीत जाऊन आली होती. अर्ज कशाचा, तर दारांचा.

वस्तीच्या टोकाला, पुरुषांच्या संडासाला लागून, बायकांसाठी दहा खणांचा संडास बांधला होता. भिंती झाल्या, पत्रे झाले, उद्घाटन झालं, हार पडले. दारं तेवढी राहिली. ती पुढच्या वर्षी येणार होती. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी असं करत चार वर्षं गेली. बायका जोडीने जात. एक आत बसे आणि दुसरी बाहेर लुगड्याचा पदर ताणून, तोंड फिरवून उभी राही. वस्तीत त्या बाहेर उभ्या राहणारीला दार म्हणत. “चल गो, मना दार हो,” असं पोरी एकमेकींना सहज म्हणायच्या. सासू सुनेचं दार व्हायची, सून सासूचं. ज्या दोघींचं भांडण असेल त्यांनाही तेवढ्यापुरतं जमवून घ्यावं लागे. मला पहिल्यांदा ते ऐकून हसू आलं होतं. मग एकदा वर्ग चालू असताना मलाच जायची वेळ आली आणि हौसाबाई माझं दार झाली. पलीकडच्या रस्त्याने सायकलवाले चालले होते. त्यांतला एक शीळ घालत गेला. त्या दिवसानंतर मला त्याचं हसू आलं नाही.

एका कौन्सिलरने तिला विचारलं होतं, “अहो, बायकांत बायका. दार कशाला हवं?” दुसरा म्हणाला होता, “लाकडी दारं लावली तर तुम्हीच चुलीत घालाल.” हौसाबाई हे सांगायची तेव्हा त्या माणसाच्या पोटाची आणि आवाजाची हुबेहूब नक्कल करायची. बायका हसून लोळायच्या. पण शेवटी ती गंभीर होऊन म्हणायची, “तिथं बसल्याबिगर दारं होनार नाय. दाराशी उभं र्‍हाऊन दार मिलत नाय.”

म्हणून बायकांच्या राखीव जागेची बातमी आली तेव्हा वस्तीला वाटलं की ही जागा जणू हौसाबाईसाठीच ठेवली आहे. मलाही तसंच वाटलं. आणि तसंच वाटल्याचं पक्षाचे चिटणीसही म्हणाले. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणे. गोरे, हसरे, सदरा कायम परीटघडीचा. ते स्वतः वस्तीत आले, ओसरीवर मांडी घालून बसले, हौसाबाईच्या हातचं सुकी मासळी घालून केलेलं वांगं आवडीने खाल्लं आणि हात धुता धुता हळूच म्हणाले, “हौसाबाई, यंदा बायकांच्या जागेवर तुमचंच नाव. पण एवढ्यात बोलू नका. वरून शिक्का पडायचा आहे.”

दुसऱ्या दिवसापासून हौसाबाई कामाला लागली. स्वतःच्या नव्हे, कारण तिला बोलायचं नव्हतं. वॉर्डातल्या पक्षाच्या उमेदवाराच्या. मिठागरावरून आली की पाट्या टाकून ती दारोदार फिरे. सभेला पन्नास बायका हव्यात म्हटलं की साठ आणी. उमेदवार वकील होते. त्यांना वस्तीतली एक गल्ली ठाऊक नव्हती. हौसाबाईने त्यांना हाताला धरून प्रत्येक उंबरठ्यावर नेलं. त्यांचं नाव फळ्यावर कधीच लागलं होतं. हॅंडबिलं छापून, वाटून, पोरांनी त्यांच्या होड्या करून डबक्यात सोडूनही झाल्या होत्या. तिच्या ओळीपुढे मात्र तेच दोन शब्द.

मी अण्णांना दोनदा विचारलं. पहिल्यांदा ते म्हणाले, “अहो, पौष चालू आहे. पौषात चांगल्या कामाचं नाव काढू नये.” वकिलांचं नाव काढलं तेव्हाही पौषच होता, पण हे मला घरी आल्यावर सुचलं. दुसऱ्यांदा म्हणाले, “राखीव जागेला घाई कसली? बाईला काय प्रचार करायचा असतो? घरातले सांगतात तिकडे मत पडतं.” तिथे बसलेले सगळे हसले. आणि सांगायला लाज वाटते, मीही थोडीशी हसले. मोठ्या माणसांच्या बैठकीत आपल्याला बसू दिलं आहे याचं मला तेव्हा फार अप्रूप होतं.

त्याच बैठकीबाहेर गणपतराव भेटले. गिरणीत कामाला असलेले, पन्नाशीचे, महारवाड्यातले. दुसऱ्या राखीव ओळीसाठी त्यांचं नाव असल्याचं बोललं जात होतं. मी म्हटलं, “तुमचंही मागाहूनच का?” ते म्हणाले, “बाई, मी काल अर्ज देऊन आलो. अपक्ष.” मी चकित झाले. म्हटलं, “पक्षाने नाव जाहीर करायच्या आधीच? ही शिस्त नव्हे.” ते शांतपणे म्हणाले, “आमच्या वाट्याचं मागाहून येणारं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. कधी येतं, कधी येत नाही. तुम्हाला शिस्त परवडते, आम्हाला नाही. त्या हौसाबाईचा अर्ज आजच्या आज टाका.” मला त्यांचा राग आला. केवढी उतावीळ माणसं, असं वाटलं. हे वाक्य आज लिहिताना पेन फेकून द्यावंसं वाटतं.

कारण हौसाबाईचा अर्ज तयार होता. मीच लिहिला होता, माझ्या उत्तम वळणदार अक्षरात. मतदारयादीतला तिचा नंबर, सूचक, अनुमोदक, त्यांच्या सह्या, सगळं जागच्या जागी. खाली हौसाबाईने सही केली होती. ती करायला तिला इतका वेळ लागला होता की ओसरीवरच्या सगळ्या बायका श्वास रोखून बसल्या होत्या. नऊ दिवस तो कागद माझ्या शाळेच्या पिशवीत, मुलींच्या निबंधाच्या वह्यांमध्ये होता. आणि शाळेच्या वाटेवर, उजव्या हाताला, अर्ज घेत असत ती कचेरी होती. नऊ दिवस मी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा तिच्यावरून गेले. हौसाबाईने एकदा विचारलं, “टाकायचा का गो आता?” मी म्हटलं, “पक्षाने नाव दिल्यावर टाकू. आधी टाकला तर अविश्वास दाखवल्यासारखं होतं.” ती म्हणाली, “तू सांगतंस तर थांबू. कागदातला मना काय कलतंय?”

शेवटच्या दिवशी अर्जाची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. मी शाळेतून रजा काढली. हौसाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा घालून, दहा वाजताच पक्षाच्या कचेरीत हजर. आम्हाला बाकावर बसवलं, चहा दिला. आतली खोली बंद होती. मधूनमधून कुणीतरी बाहेर येई, आमच्याकडे बघून हसे आणि परत आत जाई. अकरा झाले, बारा झाले. “अण्णा येताहेत,” “वरून निरोप यायचाय,” “झालंच.” एक वाजता पुन्हा चहा आला. हौसाबाई बाकावर पाठ न टेकता बसली होती. मिठाची पाटी डोक्यावर असावी तशी.

अडीच वाजून गेल्यावर अण्णा बाहेर आले. नेहमीसारखेच हसरे. म्हणाले, “हौसाबाई, वाईट वाटून घेऊ नका. ऐनवेळी वरून नाव आलं. आमच्या धाकट्या वहिनींचं. त्यांचा अर्ज मघाशीच गेला. पुढच्या खेपेला तुमचंच नाव, हा माझा शब्द.”

वरून म्हणजे त्यांच्याच घराच्या माडीवरून, एवढं मला त्या क्षणी कळलं. मी ताडकन उठले. पिशवीत अर्ज होता. भिंतीवरच्या घड्याळात तीनला वीस मिनिटं कमी होती. अर्ज घेणारी कचेरी भरभर चाललं तर दहा मिनिटांवर. अण्णांनी माझा हात पिशवीत गेलेला पाहिला. आवाज न चढवता, अगदी वडीलकीच्या सुरात म्हणाले, “मास्तरीणबाई, पक्षाविरुद्ध अर्ज? तुमच्या वडिलांना काय वाटेल?”

हौसाबाईने माझ्याकडे पाहिलं. “येल हाय का गो अजून?”

मी म्हटलं, “नाही. वेळ गेली.”

हे मी म्हटलं. अण्णांनी नव्हे, पक्षाने नव्हे. सही शिकवणारी, अक्षर शिकवणारी, स्वातंत्र्य म्हणजे काय ते ओसरीवर बसून समजावून देणारी मी, घड्याळाखाली उभी राहून खोटं बोलले. वडिलांची भीती, अण्णांची भीड, बैठकीतली ती खुर्ची जाईल याची धास्ती, कारणं शोधू तितकी सापडतात. पाच वर्षं मी ती शोधते आहे. एकही पुरत नाही.

आम्ही बाहेर पडलो. तलावपाळीपर्यंत आलो. पाण्याकाठी धोब्यांनी कपडे वाळत घातले होते, एक म्हातारा बदकांना कुरमुरे टाकत होता. आणि तेवढ्यात गिरणीचा तीनचा भोंगा झाला. गावात ज्याला घड्याळ कळत नाही त्यालाही तो भोंगा कळतो. हौसाबाई थांबली. भोंगा संपेपर्यंत तशीच उभी राहिली. मग केसांतला गजरा सारखा केला आणि चालू लागली. ती मला एक अक्षर बोलली नाही. तिने कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

पाच-सहा दिवसांनी संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकू होतं. माझं नवं लग्न म्हणून सासूबाईंनी मोठं केलं होतं. निवडणुकीचे दिवस, त्यामुळे गावभरच्या बायका आल्या. हौसाबाईही आली, मी तिला बोलवायला दोनदा गेले होते. तिळगूळ वाटता वाटता नौपाड्याच्या लीलाताई नर्स फणकाऱ्याने म्हणाल्या, “गोड कसलं बोलायचं? पक्षाने माझ्या तोंडाला पानं पुसली. दोन महिने वणवण केली, अण्णा म्हणाले होते, तुमचंच नाव, पण एवढ्यात बोलू नका.” कोपऱ्यात बसलेली चेंदणीची एक कोळीण वाण घेता घेता थांबली. “मनापन हेच बोलले व्हते.” आणि चरईतल्याच, पलीकडच्या बिऱ्हाडातल्या वकिलांची विधवा बहीण, जी हळदीकुंकवाला आली नव्हती पण दारात मुलाला न्यायला उभी होती, ती तिथूनच म्हणाली, “वरून शिक्का पडायचाय, असं म्हणाले का?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग हौसाबाई हसायला लागली. त्या दिवसानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. “आमी चारी जनी एकाच नवऱ्याच्या बायका निंगालो गो!” बायका हसल्या, आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा कुठे मला ते सगळं लख्ख दिसलं. तो उशीर नव्हताच. उशीर गडबडीत होतो, विसरल्याने होतो. हा तर ठरवून केलेला. नाव झाकून ठेवलं की चार आळ्यांतल्या चार बायका आपलंच आहे असं समजून राबतात, आणि चौघींच्या राबण्यावर पुरुषांच्या जागा निवडून येतात. तीन वाजायच्या जरा आधी झाकण उचललं की कुणालाच दुसरा अर्ज टाकायला अवधी उरत नाही. आणि चौघी एकमेकींशी बोलू नयेत म्हणून तो गोड निरोप: एवढ्यात बोलू नका. ज्या माणसाने ही युक्ती पहिल्यांदा काढली त्याला बायका चांगल्याच ठाऊक असल्या पाहिजेत. दिलेला शब्द आम्ही पदराच्या गाठीत बांधून ठेवतो आणि शेजारणीलाही दाखवत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

धाकट्या वहिनी बिनविरोध निवडून आल्या. टेंभी नाक्यावर सत्काराची सभा झाली. अण्णा भाषणात म्हणाले, “आमच्या भगिनींनी एकदिलाने, एकही विरोधी अर्ज न येऊ देता, जगापुढे आदर्श ठेवला आहे.” टाळ्या पडल्या. व्यासपीठावर त्या वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांच्याविषयी मी महिनोन्‌महिने मनात वाट्टेल ते बोलले. पुढे कळलं की त्या दिवशी दोन वाजता त्या तिळाच्या वड्या थापत होत्या. दीर आले, हात धुवा म्हणाले, कागद पुढे केला, सही घेतली. कशावर सही केली ते त्यांना संध्याकाळी समजलं. पाच वर्षांत सभेत त्यांचा आवाज कुणी ऐकला नाही. त्यांचीही दया येते, पण मी ती फार येऊ देत नाही. खुर्चीवर त्या बसल्या होत्या ना?

गणपतराव हरले. पण मत मागत, हात जोडत, भांडत हरले. त्यांना बिनविरोधाच्या हारात गुंडाळून कुणी गप्प बसवू शकलं नाही. मला वाटेत भेटले की ते आधी नमस्कार करतात. मला त्यांच्याकडे वर बघवत नाही.

आणि दारं? दारं आली. दोन वर्षांनी, एका सकाळी, हातगाडीवरून. वस्तीतल्या पोरी नाचत बघायला धावल्या. पुरुषांच्या बाजूला बसवली. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, “ठरावात पुरुष विभाग असं लिहिलंय. बायकांचं मागाहून.”

त्याच पावसाळ्यात हौसाबाईची सून, सातवा महिना लागलेली, माणसांची वर्दळ सुरू व्हायच्या आत म्हणून पहाटे मिठागराच्या बांधाकडे गेली. दार व्हायला बरोबर नणंद होती. बांध निसरडा झालेला. पोरगी घसरली ती खाली चिखलात. ती वाचली, मूल गेलं. मी भेटायला गेले तेव्हा हौसाबाई दारात बसली होती. ती माझ्याशी नीट बोलली, बसायला गोणपाट टाकलं, चहा केला. मी रडले. ती रडली नाही. त्यानंतर वर्षभर ती वर्गाला आली नाही.

हे सगळं त्या फळ्यापुढे उभं राहून परवा पुन्हा आठवलं. आणि बरोबर त्याच संध्याकाळी अण्णा आमच्या घरी आले. केस पिकलेत, सदरा तसाच परीटघडीचा. ह्यांच्याशी इकडचं तिकडचं बोलले, सासूबाईंच्या पाया पडले, तिळाची वडी खाल्ली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “यंदा बायकांच्या जागेवर शिकलेली बाई हवी असं सगळ्यांचं मत पडलं. तुमचंच नाव. पण एवढ्यात बोलू नका.”

खरं सांगते, मला आनंद झाला. चहाचा कप बशीत ठेवायला जितका वेळ लागतो तितका वेळ झाला. तेवढ्यात मी स्वतःला सभागृहात, पहिल्या रांगेत, खादीच्या साडीत बघूनही घेतलं. मग माझी मलाच इतकी किळस आली की कप आपटला गेला. अण्णांना म्हटलं, “आणखी कितीजणींना सांगितलंत?” ते हसले. मी म्हटलं, “हसू नका. ह्या घरात बसून हसू नका.” ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं, सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. अण्णा उठले आणि जाता जाता ह्यांना म्हणाले, “बाईंची तब्येत बरी नाही वाटतं.”

दुसऱ्या दिवशी कोरा फॉर्म घेऊन मी वस्तीत गेले. हौसाबाई अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. यादी लागली, अण्णा आले, काय म्हणाले, मी काय म्हणाले. म्हटलं, “तू उभी राहा. आज अर्ज भर. अण्णांचं तोंड बघायची गरज नाही.” मला वाटलं होतं की ती नाही म्हणेल, मला विनवावं लागेल. मी विनवण्या करायला मनातून तयार होऊनच गेले होते. तेवढंच आपलं पाप हलकं, असा हिशेब असावा.

ती बोंबील पसरत राहिली. मग म्हणाली, “अण्णा तं अण्णाच. त्याचा धंदा हाय तो. त्याने मना फसवला नाय. मी त्याच्यावर इश्वास टाकलाच नव्हता.” मग तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आणि म्हणूनच ते सोसलं नाही. “मी तुझ्यावर टाकलेला.”

मी तिथेच खाली बसले. ती आत गेली, हात धुऊन आली आणि माझ्यापुढे बसली. “लिव.”

मी लिहिलं. नंबर तिला पाठ होता. सूचक आणि अनुमोदक म्हणून तिने शेजारच्या दोघांना हाका मारून बोलावलं, माझ्याकडून नावं घेतली नाहीत. शेवटी सही केली. या खेपेला तिला अजिबात वेळ लागला नाही, गेली पाच वर्षं ती रोज एकदा तरी गिरवत असावी. मी सवयीने कागदाची घडी घालायला हात पुढे केला. तिने शाई वाळायच्या आत तो माझ्या हाताखालून ओढून घेतला.

“ह्यो माझ्यापाशी र्‍हाईल,” ती म्हणाली. लुगडं सावरलं, चपला घातल्या आणि कचेरीच्या वाटेला लागली. तिने मला बरोबर ये म्हटलं नाही.